अक्काने लावलेली वेल

दापोडीत रेल्वेच्या रुळांना लागून एक गल्ली आहे. इफ्फत तांबोळी लग्न होऊन तिथे आली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा आणि दारापुढे शहाबादी फरशीची पायरी. गाडी गेली की मांडणीवरची ताटं वाजायची. नवरा युसुफ गल्लीच्या तोंडाशी मोटारी आणि पंखे रिवाइंडिंग करून द्यायचा. इफ्फतची त्या घराबद्दल एकच तक्रार होती, की तिथे माती नव्हती. सगळीकडे फरशी, नाहीतर कोबा, नाहीतर गटारावरचं झाकण. तिचं माहेर जुन्नरकडचं. तिथे कोथिंबीर हवी असली की चुलीवरून उठायचं, परसात जायचं आणि खुडून आणायची. दापोडीत तिने ती हौस तेलाच्या रिकाम्या डब्यांवर भागवली. पुदिना लावला, मिरच्या लावल्या, एकदा तर डब्यात भोपळा लावला. त्याला फुलं आली, फळ काही धरलं नाही.

पायरी दोन घरांत सामाईक होती. पायरीच्या दुसऱ्या अर्ध्यावर चतुराबाईचे डबे असत. चतुराबाई औशाकडची. नवरा गेल्यावर मुलाला, अजिंक्यला, घेऊन ती इकडे आली आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. इफ्फतपेक्षा ती थोडी मोठी, म्हणून इफ्फत तिला अक्का म्हणायची. अक्काला मात्र इफ्फत हे नाव कधी जमलं नाही. ती ‘इप्पत’ म्हणायची, आणि पुढे पुढे युसुफही चिडवायचा असला की बायकोला ‘इप्पत’ म्हणायला लागला.

अक्काची शिफ्ट सुटली की दोघी पायरीवर भाजी निवडत बसायच्या. हात भाजीत, बोलणं मातीचं.

“देवानं चार वाफे दिले ना माय, तर मी आधी घेवडा लावीन,” अक्का म्हणायची.

“मी मेथी.”

“मेथीला काय वाफा लागतो व्हय? ती डब्यात बी येती. घेवड्याला भुई लागती.”

नसलेल्या बागेत त्यांनी लिंबाचं झाड कुठे लावायचं यावरून एकदा इतका वाद घातला, की आठवडाभर दोघींचं बोलणं बंद होतं. अक्का म्हणत होती, न्हाणीच्या पाण्यावर लावू. इफ्फतला ते दारात हवं होतं. शेवटी अजिंक्य आणि इफ्फतचा मुलगा एहसान, दोघे शाळेतून येऊन मध्ये बसले, तेव्हा बोलणं सुरू झालं. पण एक गोष्ट दोघींत पक्की ठरलेली होती. जिला आधी माती मिळेल तिच्याकडे दुसरीने जायचं आणि पहिलं बी दोघींनी मिळून टाकायचं.

माती इफ्फतला मिळाली. एहसानने चाकणला बेअरिंग आणि पट्ट्यांचं दुकान टाकलं, ते चाललं, आणि तळेगाव रस्त्याच्या आत, माळाच्या कडेला त्याने घर बांधलं. पुढे अंगण, मागे परसू, आणि परसूच्या तारेपलीकडे उघडा माळ. युसुफने दापोडीचं दुकान आवरलं. सामान हलवायचा टेम्पो निघाला तेव्हा अक्का ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. मांडीवर तिने रंगाचा एक जुना डबा घट्ट धरला होता, आणि त्यात हातभर वाढलेली एक वेल होती.

नर्सरीवाले त्या वेलीला आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. गल्लीत तिला नुसती गुलाबी वेल म्हणायचे. बदामाच्या आकाराची पानं, आणि बारक्या गुलाबी फुलांचे घोस. अक्काने ती मागच्या तारेजवळ स्वतः खड्डा करून लावली.

“इथं शोभंल,” ती म्हणाली, “जागा बी हाय तुझ्याकडं.”

मग दोघींनी घेवडा टोकला. अक्का अंगठ्याने बी दाबायची आणि इफ्फत वरून माती ओढायची.  सगळं टोकून झाल्यावर अक्काने हात धुतले नाहीत. ती वाफ्याच्या कडेला बसून राहिली आणि नखात गेलेली माती दुसऱ्या नखाने हळूहळू काढत राहिली. संध्याकाळी एहसानने तिला दापोडीला सोडलं. त्यानंतर काही महिन्यांतच अजिंक्यने मारुंजीला फ्लॅट भाड्याने घेतला, कारण त्याची कंपनी तिथून जवळ होती, आणि अक्काचीही दापोडी सुटली.

*

ज्या मातीसाठी इफ्फतने एवढी वर्षं वाट पाहिली होती, त्या मातीने तिला आधी दमवलं. पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा उगवला. ती सकाळी उपटायची, चार दिवसांनी तो पुन्हा तितकाच. शेजारी दादासाहेब राहायचे. मूळ गावचे, जमिनीचा बराचसा भाग कंपन्यांना गेलेला, उरलेल्यात भाजीपाला करणारे. ते तारेपलीकडून बघत होते.

“भाभी, त्येला उपटू नगा,” ते म्हणाले. “खाली गाठ हाय, ती काढा. वरचं पान म्हंजी नुसतं हसणं हाय त्येचं.”

मग इफ्फत खुरपं घेऊन एकेक गाठ काढत बसली. लव्हाळ्याला ती पुरी पडली. हरळीलाही पुरी पडली. वेलीला मात्र तिने हात लावला नाही. वेल दुसऱ्या वर्षी तारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेली. फुलांच्या दिवसांत मागची बाजू गुलाबी व्हायची, मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. इफ्फत फोन करून अक्काला तो आवाज ऐकवायची.

दादासाहेबांनी वेलीबद्दलही सांगून पाहिलं. “ही बी तसलीच. खाली रताळ्यावानी गड्डे धरती. वरनं कापली का दुप्पट येती. ल्हान हाय तवर खणून टाका.”

“आमच्या अक्काने लावलीय ती,” इफ्फत म्हणाली. दादासाहेब आपल्या वांग्यांकडे वळले.

त्याच वर्षी एका सकाळी घेवड्याच्या वाफ्यात नुसते बुडखे दिसले. दोन-दोन पानांवर आलेली रोपं कात्रीने कापल्यासारखी तिरपी कापलेली. इफ्फतला वाटलं, कुणाची तरी शेळी शिरली. तिने तार तपासली, वस्तीत विचारून आली. दादासाहेबांनी वाफ्यातून वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या उचलून तळहातावर दाखवल्या.

“शेळी न्हाई. ससं हायेत.”

“ससे? इथे?”

“हितंच तर व्हते. आमी ल्हानपनी माळावर पळवायचो त्यांना.” त्यांनी माळाकडे हात केला. मागच्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी फिरला होता. बोरी, घाणेरी, सगळी झुडपं काढून एका कंपनीने जमीन सपाट केली होती आणि भोवती पत्रे ठोकले होते. “त्यांचं रान ग्येलं. आता कुठं जातील?”

इफ्फतने पहिला ससा त्याच संध्याकाळी पाहिला. दिवेलागणीची वेळ होती. मातीच्याच रंगाचा, मानेवर काळा डाग, कान ताठ. मेथीच्या वाफ्यात बसून तो एकेक पान सावकाश खात होता. ती टाळी वाजवायला गेली आणि हात तसेच राहिले. तो पाहुण्यासारखा वागत नव्हता, घरच्यासारखा खात होता.

जवळच्या बांधकामावरच्या एका मुकादमाने तारेचा फास लावून द्यायची तयारी दाखवली. दादासाहेब म्हणाले, गुन्हा आहे, फॉरेस्टवाले धरून नेतील. इफ्फतला गुन्ह्याचं माहीत नव्हतं. ती मुकादमाला एवढंच म्हणाली, “आमच्या घरात ते जमणार नाही, भाऊ.”

मग तिने बाकीचे उपाय सुरू केले. हिंग आणि मिरची पाण्यात कालवून शिंपडली. पाऊस आला आणि ते धुऊन गेलं. वाफ्यांच्या कडेने लसूण लावला. सशांनी लसूण तसाच ठेवला आणि मधली मेथी खाल्ली. बोरीच्या काटेरी फांद्या रचल्या, त्यांनी ससे अडले नाहीत, पण युसुफच्या पायात काटा मोडला. तेव्हा युसुफ उठला आणि माळ्यावरून एक गोणी घेऊन आला. दुकान आवरताना टेबलफॅनच्या जुन्या जाळ्या त्याने टाकवेनात म्हणून आणल्या होत्या. त्याने प्रत्येक रोपावर एकेक जाळी पालथी घातली आणि उलटू नये म्हणून वर मोटारीचे गंजलेले लोखंडी तुकडे ठेवले. परसात पंख्यांची शेती लावल्यासारखं दिसायला लागलं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे. पण घेवडा जाळीच्या बाहेर डोकावला की ससा तेवढाच शेंडा खायचा.

“हे माळावरून येत नाहीत आता,” युसुफ एकदा म्हणाला. तो वेलीकडे बघत होता. तारेवर पसरलेली वेल खाली जमिनीपर्यंत आली होती आणि तिच्या आत माणूस बसेल एवढी पोकळी झाली होती. त्याने काठीने पानं बाजूला केली. आत माती घासून गुळगुळीत झाली होती, कडेने लेंड्या पडल्या होत्या. “हे इथे राहतात. तुझ्या अक्काच्या वेलीत.”

इफ्फतने अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं.

“मग काढ की,” अक्का आधी म्हणाली. मग म्हणाली, “नगं, थांब. मी येते. दोघी मिळून काढू. मला बी भुई बघायची हाय.”

इफ्फतला तेवढंच हवं होतं.

*

ती वाट बघायला लागली. अक्का येणार म्हणून तिने मागच्या खोलीत गादी घातली. घेवड्याच्या ज्या थोड्या शेंगा हाती लागल्या त्यांतल्या जून शेंगा बियाण्याला ठेवल्या, कारण बी अक्काच्या हाताने टोकायचं होतं. पण अक्काचं येणं पुढे पुढे जात राहिलं. आधी गुडघा दुखत होता. मग नातवाची परीक्षा आली. मग अजिंक्यला रविवारीही काम निघालं.

“पुढल्या आठवड्यात बघते माय. तू काय करायलीस आता?”

“मेथी धुतेय.”

“मोठी झाली का? मुळासकट उपटलीस का खुडलीस?”

“खुडली.”

“आसं. मुळं ऱ्हाऊ द्यावीत. परत येती.”

अशी बोलणी रोज होत. फोन ठेवल्यावर इफ्फत खुरपं घेऊन परसात जायची आणि वेलीच्या बाजूला पाठ करून काम करायची. वेल थांबणारी नव्हती. तिने पेरूचं झाड धरलं. खालून वर चढली आणि वरून पांघरूण घातल्यासारखी खाली आली. त्या वर्षी पेरूला फळ आलं नाही. एक फांदी दादासाहेबांच्या वांग्यांवर गेली, ती त्यांनी न बोलता कापून बांधावर ठेवली. ससे वाढले. एकाचे दोन दिसायला लागले, मग मोजणं सोडून दिलं. एहसान म्हणाला, “अम्मी, भाजी मी बाजारातून आणतो ना, कशाला एवढा त्रास?” त्यावर तिने दोन दिवस डाळच केली.

शेवटी एका सकाळी युसुफ कोयता घेऊन मागे गेला. इफ्फत चहा टाकून धावली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“अक्का येणार आहे. ती आल्यावर काढायची ठरलंय.”

“वर्ष होत आलं. पेरू मेला.”

“मेला नाही. जिवंत आहे आतून.”

युसुफने कोयता खाली केला. तो रागावणारा माणूस नव्हता. “तुला वेल हवीय की अक्का हवीय?”

“अक्का,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

युसुफने चहा स्वतःच गाळला, दोघांचा. तिचा कप तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला, “मग जाऊन ये ना. मारुंजी काही दुबईला नाही.”

आश्चर्य म्हणजे हे इफ्फतच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्का तिच्याकडे येणार, हे इतक्या वर्षांपूर्वी ठरलेलं होतं की आपणही तिच्याकडे जाऊ शकतो हे तिने कधी धरलंच नव्हतं. माती तिच्याकडे होती. येणं अक्काचं होतं.

*

एहसान गाडीने सोडतो म्हणत होता. ती बसनेच गेली. चाकणहून भोसरी, भोसरीहून हिंजवडी, तिथून शेअर रिक्षाने मारुंजी. पिशवीत मेथी होती, मूठभर घेवडा होता, आणि येतेय हे तिने फोन करून कळवलेलं नव्हतं. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनने नाव विचारलं, वर फोन लावला. लिफ्टने ती अकराव्या मजल्यावर गेली. दार अजिंक्यच्या बायकोने, वर्षालीने, उघडलं. तिच्या गळ्यात हेडफोन होता, आतल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

“मावशी? एकट्या आलात?” ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, “आईंनी तुम्हाला सांगितलं का मग?”

“काय सांगितलं?”

वर्षाली बाजूला झाली. अक्का बाल्कनीच्या दाराजवळ पलंगावर बसली होती. ती खूप बारीक झाली होती. पलंगाला टेकवून वॉकर उभा होता. मागच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण पायाने जोर धरला नव्हता. वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाणं आणि परत येणं, एवढंच तिचं फिरणं होतं.

इफ्फत पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

“बस ना,” अक्का म्हणाली. “उभी काय ऱ्हायलीस पाव्हण्यावानी?”

इफ्फत पलंगाच्या कडेला बसली. “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय करणार होतीस? रडली असतीस. मग मला बी रडू आलं असतं.”

“येते येते म्हणत होतीस वर्षभर.”

“म्हणत होते.” अक्काने मेथीची जुडी पिशवीतून काढून मांडीवर घेतली आणि तिच्या देठांना लागलेली माती बोटाने चाचपली. “मी येते म्हणलं की तू सांगायचीस, अक्का, तुझ्यासाठी बी ठेवलंय, तुझ्यासाठी गादी घातलीय. मला लई बरं वाटायचं गं. दिवस जायचा त्याच्यावर. येत न्हाई म्हणले असते, तर तू ते सांगणं बंद केलं असतंस.”

 बाहेर क्रेन फिरत होती. समोर आणखी एक टॉवर चढत होता, आणि त्याच्या मागे आणखी एक. बाल्कनीच्या ग्रिलजवळ एकही कुंडी नव्हती. वर्षालीने मागून सांगितलं, सोसायटीत परवानगी नाही, पाणी खालच्या फ्लॅटमध्ये पडतं. तिने ते मान खाली घालून सांगितलं, जणू तो नियम तिनेच केला होता.

चहा झाल्यावर इफ्फतने वेलीचा विषय काढला. ससे वेलीत राहतात, पेरू झाकला गेला, युसुफ कोयता घेऊन उठला, पण अक्काची आठवण म्हणून तिने पान तोडू दिलं नाही, हे सगळं सांगितलं.

अक्काने ऐकता ऐकता मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग तोंडावर पदर धरून म्हणाली, “इप्पत, एक सांगू का? रागावू नको.”

“काय?”

“ती वेल मी तुला हौसेनं न्हाई दिली. तुझ्या गळ्यात मारली.”

“म्हणजे गं?”

“डब्याच्या बुडातून मुळी गटारात गेली व्हती. गटार तुंबायला लागलं, गल्लीतले लोकं माझ्या दारात येऊन भांडायले. कापली का उगवायची, कापली का उगवायची. कुणी म्हणलं, रॉकेल ओत. आणलं बी. पण जित्या जिवावर ओतवंना गं. तेवढ्यात तुमचा टेम्पो निघाला. म्हणलं, इप्पतकडं जागा लई हाय.”

इफ्फतला हसू फुटलं. आधी ती दाबत होती, मग दाबता येईना. अक्काही हसायला लागली आणि हसताना खुब्यात कळ आली म्हणून कण्हली आणि तरी हसत राहिली. वर्षालीने हेडफोन काढला आणि दारात येऊन उभी राहिली. तिने सासूला असं हसताना त्या घरात पाहिलं नव्हतं. हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही, आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

निघायच्या वेळी अक्का म्हणाली, “काढून टाक ती आता. खुशाल काढ. फक्त काढताना मला दाखव.”

“कसं दाखवू?”

“व्हिडिओ कॉल लावू ना,” वर्षाली म्हणाली. “मी रविवारी आईंना धरून देते फोन.”

*

रविवारी दादासाहेब टिकाव आणि पहार घेऊन आले. एहसानने दुकान बंद ठेवलं. इफ्फतने स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवला, त्याला फोन टेकवला आणि अक्काचा चेहरा परसात आला. अक्काने आधी आकाश बघितलं, मग कुणाच्या तरी चपला, मग फोन सरळ केल्यावर वाफे.

“हे पंखे काय लावलेत?” तिचा पहिला प्रश्न.

युसुफने पुढे येऊन सगळं समजावून सांगितलं. अक्का लक्ष देऊन ऐकत होती.

मग वेल कापायला सुरुवात झाली. वरचा पसारा निघायलाच दुपार झाली. पेरूवरचं पांघरूण ओढून काढलं तेव्हा आतल्या फांद्या पिवळट, पण ओल्या होत्या. खाली टिकाव घातला, आणि दादासाहेब म्हणाले होते तसे गड्डे निघायला लागले. एकाला एक लागून, मातीत माळेसारखे. इफ्फत ते हातात घेऊन फोनला दाखवायची.

“त्याच्या खाली बग. अजून हाय.”

“नाही अक्का.”

“हाय म्हणते ना. डाव्या अंगाला.”

डाव्या अंगाला खरंच होता. दादासाहेबांनी पहारीवर हात टेकून फोनकडे बघितलं आणि आदराने मान हलवली.

शेवटचा कोपरा राहिला होता. इफ्फतने पानं बाजूला केली आणि हात मागे घेतला. घासलेल्या मातीत दोन पिल्लं बसली होती. अंगावर केस, डोळे उघडे, कान पाठीला चिकटलेले. ती हलली नाहीत. पळायचा प्रयत्नही केला नाही. फक्त पोटं भरभर हलत होती.

तिने फोन तिकडे नेला. 

“हात लावू नको,” अक्का हळू आवाजात म्हणाली, जणू पिल्लांना ऐकू जाईल. “आई दिवसा लांब ऱ्हाती. रात्री येऊन पाजती. तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे.”

“अक्का, कोपरा ठेवला की वेल परत येणार,” युसुफ म्हणाला. “आणि ससेही.”

“येऊ दे की मग. त्यांचं घर हाय ते.”

युसुफने दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेबांनी पहार खांद्यावर घेतली. “पिल्लं चार दिसात चालती व्हत्यात,” ते म्हणाले. “मंग येतो परत.”

कोपरा राहिला. पिल्लं गेल्यावर दादासाहेब आले आणि तोही खणून काढला. एहसानने कोंबडीची जाळी आणली. ती तारेला बांधली, खालून वीतभर जमिनीत पुरली आणि बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे ससा उकरायला लागला की त्याच्या पायाखाली जाळीच येईल. तारेच्या बाहेर, पत्र्यांच्या आणि परसूच्या मधल्या पट्ट्यात, इफ्फतने लसूणघास, गुरांचा हिरवा चारा, पेरला. तो सशांसाठी. युसुफने विचारलं, हे कशाला, तर ती म्हणाली, “त्यांनी कुठे जायचं?”

वेल पूर्ण गेली असं कुणी म्हणणार नाही. दर पावसाळ्यात कुठेतरी एक बदामी पान वर येतं. इफ्फत ते खुरप्याने मुळापर्यंत काढते. ससे अजूनही येतात, बहुतेक वेळा लसूणघासावरच थांबतात, एखादा आत घुसतोच. पेरूला पालवी फुटली, पण फळ अजून धरलेलं नाही. वेल गेल्यामुळे मागून कंपनीची शेड दिसते, संध्याकाळी तिचे पांढरे दिवे लागतात, आणि तेव्हा इफ्फतला परसू फार मोठं वाटतं. काम करताना ती मध्येच मान वळवून काहीतरी सांगायला जाते आणि बाजूला कुणी नसतं. दापोडीत मातीसाठी जीव तुटायचा. इथे माती आहे, आणि जीव तिकडेच, त्या अर्ध्या पायरीवर अडकलेला.

ठेवलेलं बी शेवटी तिने एकटीने टोकलं, आणि त्या हिवाळ्यात घेवडा जाळीवर भरपूर लागला. पहिल्या शेंगा घेऊन ती मारुंजीला गेली. आता ती कळवून जाते, आणि वर्षाली त्या दिवशी दुपारचं काम थोडं मागे ठेवते. अक्काच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून दोघींनी शेंगांच्या शिरा काढल्या. अक्काने एक शेंग मोडून वास घेतला, दाणा काढून चावला, आणि म्हणाली की औशाच्या घेवड्याची चव याला नाही, पण बरा आहे.

निघताना अक्काने वॉकर ओढला. वर्षाली “आई, नको,” म्हणाली तरी ती उठली आणि दारातून बाहेर, लिफ्टपर्यंत आली. पोचेपर्यंत तिला दम लागला होता.  लिफ्टचं दार बंद होईपर्यंत अक्का वॉकर धरून उभी होती.

हिंजवडीहून भोसरीची बस खच्चून भरलेली होती. कंपन्या सुटल्या होत्या. इफ्फतला बसायला जागा मिळाली नाही. रिकामी पिशवी काखेत धरून ती दांड्याला टेकून उभी राहिली, आणि पुढच्या खेपेला मेथी न्यावी की मुळे, याचा विचार करत राहिली.